माघातला बार

अमरावती, पौष शुद्ध चतुर्थी, शके १७८५

श्री

चिरंजीव खुशालरावास तानुबाईचा आशीर्वाद. मी अन् तुही बहीण रुख्मिणी, आमी दोघी खाऊनपिऊन बऱ्या आहो. तूच बरा नाई असं ऐकलं, म्हणून लिहाले बसली.

जानराव गाडीवान काल सरकीचं पोतं टाकायले आला होता. त्याले म्या इचारलं, आमचा कापसाचा दलाल कसा आहे? तं म्हणे, "मावशी, तुमच्या नातवानं मुठीत मावते एवढं एक लोखंड घेतलं अन् बैलजोडीचे पैसे मोजले." म्या म्हटलं, पिऊन आला का रे? तो म्हणे, गायीची शपथ. माह्या हातातलं सूप सुटलं. सारी तूर अंगणात सांडली, ती रुख्मिणी अजून वेचून राहिली.

बैलजोडी! तुहा आजा जन्मभर विळे, कुऱ्हाडी अन् गाडीच्या धावा करत आला. साऱ्या जन्मात जेवढं लोखंड त्यानं ठोकलं, तेवढं विकूनही एक जोडी आली नाई. अन् तू मुठीभर लोखंडाले ती देऊन आला. ते सोन्यानं मढवलं आहे का? का त्यातून दूध निघते?

अमेरिकेत कोण कोणाशी लढून राहिलं मले माहीत नाई. पण त्यांच्या भांडणानं आपला कापूस महागला अन् आपल्याकडचे लोक बावचळले एवढं दिसते. बडनेऱ्याकडच्या एका पाटलानं गाडीच्या चाकाले चांदीच्या धावा बसवल्या म्हणे. लोहाराच्या घरात बसून हे ऐका लागते. त्याचं सोड, तो पाटील आहे. तू कावून येडा झाला?

तुमचे मायबाप पटकीनं गेले तवा तू बारा वर्षांचा होता अन् रुख्मिणी पाळण्यात. तवापासून मी तुमाले वाढवलं ते या लोखंडासाठी नाई. कौंडण्यपूरचे लोक रुख्मिणीले पाहून गेले. पसंत आहे म्हणतात. आता तुले भाऊ म्हणून उभं राहा लागते.

अक्षर लागलं नाई तं दोनदा वाच. रिद्धपूरच्या आत्यानं शिकवलं तेवढंच मले येते.

तानुबाई


अकोला, पौष शुद्ध नवमी

तीर्थरूप आजीच्या पायावर डोकं ठेवून खुशालची विनंती.

आजी, जानराव अर्धवट सांगतो. मी लोखंड नाही, पिस्तूल घेतलं. विलायती, खिशात राहते असं. वीतभरही नाही. जुन्या काळी विलायतेतले मोठे लोक प्रवासात आंगरख्याच्या खिशात ठेवत. माझ्याजवळ असे सहा होते, हे सातवं. तू हसशील, पण एकदा हातात घेतलं की सुटत नाही. एकाची नळी फिरकीसारखी फिरवून निघते. दुसऱ्याचा चाप आत लपतो, घोडा मागं ओढला की बाहेर येतो.

याचं मोल कसं ठरते ते सांगतो, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. आजकाल ठिणगीसाठी पिस्तुलाला गारगोटी नाही, तांब्याची टोपी लागते, म्हणून लोक जुनी गारगोटीची कळ काढून नवी बसवतात. तशी बदललेली असली की मोल गेलं. घासून चकाचक केली तरी मोल गेलं. ज्यानं बनवलं त्याच्यानंतर कोणी हात लावलेला नाही, गंजसुद्धा जसाचा तसा, अशी वस्तू शंभरात एक. माझं सातवं पिस्तूल तसं आहे. पिस्तुलाला कान असतो, म्हणजे जिथून ठिणगी आतल्या दारूला लागते ते बारीक भोक. याचा तो कानसुद्धा गंजानं बुजून गेला आहे. मी सुई लावली नाही. लावणारही नाही!

एलिचपूरच्या एका जुन्या सरदाराच्या घरातून ते निघालं. त्यावर विलायती अक्षरात 'लंडन' कोरलं आहे, आणि आजी, त्यातलं शेवटचं अक्षर उलटं आहे! मुंबईचा एक पारशी कापूस घ्यायला येतो, त्याला या गोष्टींची जाण आहे. तो म्हणतो, अशी खूण त्यानं कुठं पाहिली नाही, हे एखाद्या गुप्त कारागिराचं काम असावं, शंभर वर्षांचं तरी. दोनशे रुपये द्यायला तयार आहे. मी दिलं नाही. मी ते दिवसभर कमरेला लावून फिरतो, बाजारात लोक पाहायला येतात.

आता बोल, येडा कोण?

रुख्मिणीसाठी मी उभा आहे. तारीख कळव.

खुशाल


अमरावती, पौष शुद्ध चतुर्दशी

चिरंजीव खुशालरावास आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं. दोनशे रुपये वाचून पाणी प्यायली. उलटं अक्षर वाचून उठून उभी राहिली, अन् रुख्मिणी म्हणे, "आजी, इंचू चावला का?"

खुशाल, माह्यं ऐक. कावून म्हणून इचारू नको. ते पिस्तूल कमरेचं काढ अन् पेटीत टाक. कोणाले दाखवू नको. त्या पारशाले तं मुळीच नाई. बाकीचे सहा तू डोक्यावर घेऊन नाच, मले काई म्हणायचं नाई. हे एक नको. बस, एवढंच.

आता कामाचं. कौंडण्यपूरच्या लोकांशी बोलणं पक्कं झालं. माघ सुद्ध तेरसले बार उडवून टाकू. तिकडून दीडशे माणूस येते, गाड्यांनी, नदी उतरून. तू दोन दिवस आधी ये. आपल्या बाजूनं कोण कोण उभं राहील ते मनात ठरवून ठेव, पण आताच कोणाजवळ बोलू नको, आपल्या भाऊबंदांले मोडता घालायची सवय आहे. तुह्या बाजारात तो गोरा सायब येत असते म्हणतो ना, त्यालेही बलाव. पुढं बसवू अन् त्याच्या डोयांदेखत बार उडवू. साऱ्या अमरावतीत नाव निघालं पाहिजे.

कान पिळायले तूच लागशील. दुसऱ्या कोणाच्या हातून ते होणार नाई.

तानुबाई


अमरावती, पौष वद्य अष्टमी

खुशाल,

आठ दिवस झाले, तुहं उत्तर नाई. वर आशीर्वाद लिहिला नाई तो रागानं नाई. माह्या घरात काय झालं ते ऐक.

काल दुपारी दोन शिपाई अन् एक जमादार आले. पायताणासकट आत. जमादार हिंदुस्तानीत म्हणे, "बुढिया, बारूद कहाँ है?" म्या म्हटलं, इथं चुन्याची डबी आहे, चालते का? त्यानं कणग्या उलथ्या केल्या. चुलीतली राख चाळली. मांडवासाठी आणलेले बांबू एकेक करून आतून पोकळ आहेत का ते पाह्यलं. शेजारची मैनाबाई भिंतीवरून डोकं काढून उभी. साऱ्या आळीले तमाशा.

मग जमादारानं कागद काढला अन् इचारलं, "माघ में किसका बार उडानेवाली हो?"

मले वाटलं, कौंडण्यपूरवाल्यांनं चौकशीले पाठवला. म्या छाती ठोकून सांगतलं, माह्या नातीचा! अजून कोणाचा?

त्यानं हळूच इचारलं, "सगी नात?" म्या म्हटलं, सख्खी. मीच वाढवली, मीच उडवते. तुले काई अडचण?

त्यानं ते लिहून घेतलं अन् माहा आंगठा मागतला. म्या आंगठा दिला नाई, सही केली. त्याले अजूनच धक्का बसला. जाताना एक शिपाई रुख्मिणीले म्हणे, "बेटी, रात को दरवाज़ा लगाकर सोना."

हे काय चालून राहिलं आहे? लवकर लिही.

तानुबाई


अकोला, ठाण्यातून, पौष वद्य एकादशी

तीर्थरूप आजीस खुशालची विनंती. हा कागद जानरावाच्या हाती देऊन राहिलो. डाकेनं काही पाठवू नको, आपली पत्रं ठाण्यात वाचतात.

आजी, मी कोठडीत आहे. सात दिवस झाले.

गदर झाल्यापासून हत्यार ठेवायचं तर ठाण्यात लिहून द्यावं लागते. मी सहा पिस्तुलं लिहून दिली होती, सातवं राहून गेलं. साहेब कापसाचा बाजार पाहायला यायचा होता, त्याच दिवशी ते माझ्या कमरेला दिसलं. पकडलं, घर झडलं, आणि तुझं पत्र सापडलं. इथला मुन्शी नवा, उत्तर हिंदुस्तानातून आलेला. त्यानं साहेबाला ते विलायतीत उतरवून दिलं. काय उतरवलं ते ऐक. माघ शुद्ध त्रयोदशीला गोळी घालायची. दीडशे माणूस नदी उतरून येणार. आपल्या बाजूनं कोण उभं राहील ते गुप्त ठेवायचं. साहेबाला बोलावून पुढं बसवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोळी घालायची. शेवटी एकाचा कान पिळायचा, ते काम माझं.

ऐकून माझं मलाच ते खरं वाटायला लागलं!

मी सांगतलं, बार म्हणजे लग्न हो. मुन्शी म्हणे, बार म्हणजे गोळीचा बार, सारी दुनिया जाणते. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो म्हटलं, तर साहेब म्हणे, असं कोणतं लग्न असते? मग तुझी जबानी आली. सख्खी नात, मीच वाढवली, मीच उडवते. साहेब खुर्चीतून उठला. म्हणे, हिलाही आणा. मी पाया पडलो, तेव्हा थांबला.

कचेरीतल्या एका जुन्या मराठी कारकुनानं कालपासून माझी बाजू घेतली आहे. साहेब आता म्हणतो, चला, बार म्हणजे लग्न. पण मग कमरेला न लिहून दिलेलं पिस्तूल कावून? ते चालू हत्यार आहे. कानातला गंज सुईनं काढला की उडते. तसं ठरलं तर सात वर्षं. माघ शुद्ध चतुर्थीला कागद वर जातात.

साहेब म्हणाला, आणा सुई, कान मोकळा करून पाहू, उडते का नाही ते समोरच दिसेल. मी नाही म्हटलं, आजी. गंज खरवडला की दोनशेचं वीसही राहत नाही. अशी वस्तू परत होणे नाही. मी साहेबाला हात जोडले, मला ठेवा, पण तिला हात लावू नका. साहेबालाही या वस्तूंचा शौक आहे म्हणतात. त्यानं सुई परत ठेवली.

तू येऊ नको. रुख्मिणीला सांगू नको.

खुशाल


अमरावती, पौष वद्य चतुर्दशी

खुशाल, गध्या,

हा कागद त्या मराठी कारकुनाच्या हाती दे. सायबाले मोठ्यानं वाचून दाखव म्हणा. मुन्शीले हात लावू देऊ नको.

सात वर्षं! गंजासाठी! म्या आजवर तोंड बंद ठेवलं ते तुमच्या भल्यासाठी. पण तू तं एका गंजक्या तुकड्यापायी स्वतःले विकाले बसला.

सायब, तुमी सुई घ्या. बेलाशक घ्या. घासा, खरवडा, चिंच लावा. गंजाखाली भोक नाई. त्या पिस्तुलाले कान कधी पाडलाच नाई. दारू भरा, गारगोटी झाडा, वर्षभर झाडा. ते उडणार नाई, कारण उडायसाठी ते केलंच नाई.

कोणी केलं? ह्याच्या आजानं. नत्थुजी लोहारानं. अमरावतीत, आमच्या भट्टीवर.

खुशाल, आता तू ऐक. तुहा आजा मेला तवा तू चार वर्षांचा होता. तुले विळे अन् धावाच माहीत. नवाबाच्या चाकरीतली जी घरं होती ना एलिचपुरात, त्या घरचे नवरदेव तवा कट्यार धरायले लाजत. साऱ्यांले कमरेले विलायती पिस्तूल पाहिजे. एका वरातीत खरंच पिस्तूल उडालं अन् वरबापाचा आंगठा गेला. तवापासून नवरदेवासाठी बिनकानाचं पिस्तूल करून मागू लागले. दिसायले विलायती, आतून मुकं. दोन लग्नसरायांत तुह्या आजानं अकरा केले. कोणाले फसवलं नाई. घेणाराले माहीत होतं, आमाले माहीत होतं. पुढं ती माणसं मेली अन् वस्तू राहिली, तिले काय माहीत ती कोण आहे?

शंभर वर्षांचं म्हणे! त्या पारशाले सांग, तुह्या बापाचे दुधाचे दात पडले त्या वर्षी केलं.

अन् ते उलटं अक्षर. तुह्या आजाचा हात घणाचा, बारीक छिन्नी त्याले धरता येत नसे. ते काम माह्याकडे होतं. एका सायबाच्या मोडक्या पिस्तुलावरून म्या उतरून घेतलं. मले काय विलायती येते? मले दिसलं ते असं. पयले कोयता. मग कडं. मग दोन खांब अन् त्यांच्यात तिरपा टेका. मग ताणलेलं धनुष्य. परत कडं. परत दोन खांब अन् टेका. शेवटचा टेका म्या उलट्या अंगानं दिला. मग दुसऱ्या पिस्तुलावर कोरताना मी पयल्यावरचं पाहून कोरलं, अन् तिसऱ्यावर दुसऱ्यावरचं. अकराही तसेच गेले. गुप्त कारागीर, काय म्हणे!

सायबाले खोटं वाटत असल तं या कागदाच्या पाठीवर तीच सहा चित्रं काढून देत आहे. छत्तीस वर्षांनंतर काढली, पण हात इसरला नाई. पिस्तुलाजवळ ठेवून पाहा.

हे मी लपवलं कावून? गदराच्या साली लोहारांची घरं झडत होती. म्या छिन्न्या, साचे, सारं विहिरीत टाकलं. ज्यानं कधी बिनकानाचं केलं, त्याले कानाचंही येत असल, असं सरकारनं म्हटलं असतं. तुह्या पत्रात उलटं अक्षर वाचलं तवाच मले सांगाले पाहिजे होतं. माही चूक. पण तू इतका मूर्ख निघशील असं माह्या सपनात नव्हतं.

तानुबाई, नत्थुजी लोहाराची बायको


अकोला, घरून, माघ शुद्ध चतुर्थी

तीर्थरूप आजीच्या पायावर डोकं.

मी सुटलो. आता कचेरीत काय झालं ते सांगतो. मला अजून जेवण गोड लागत नाही.

कारकुनानं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. 'खुशाल, गध्या' हेसुद्धा वाचलं, आणि साहेबाला ते दोनदा समजावून सांगतलं. साहेबानं सुई घेतली. मी डोळे मिटले. गंज निघाल्याचा आवाज ऐकला, आणि मग काहीच आवाज नाही. डोळे उघडले तर साहेब भिंग लावून पाहून राहिला होता. गंजाखाली गुळगुळीत लोखंड. भोक नाही, भोकाची खूणही नाही.

आजी, मी त्या लोखंडापायी सात वर्षं जायला निघालो होतो. माझ्या आजाच्या हातचं आहे हे कळलं आणि मला रडावं का हसावं तेच कळेना.

मग साहेबानं कागद उलटून तुझी सहा चित्रं पाहिली. पिस्तुलाजवळ ठेवली. मला वाटलं, आता शाबास म्हणेल. पण त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तो तसाच आत गेला. आम्ही सारे उभेच. मग मखमलीची पेटी घेऊन बाहेर आला, आणि टेबलावर उघडली.

आत दुसरं होतं. तसंच. कोयता, कडं, दोन खांब, धनुष्य, कडं, आणि उलटा टेका.

त्यानं मागच्या वर्षी एलिचपुरातच घेतलं. किती दिले ते सांगतलं नाही. विलायतेतल्या मित्रांना त्याचं वर्णन लिहून पाठवलं म्हणे, त्यांची उत्तरंही आली. कारकून जमिनीकडे पाहून राहिला. साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू पारखी आहेस ना? याचं मोल सांग."

आजी, खरं सांगावं तर मी आताच सुटलो होतो. खोटं सांगावं तर तुझं पत्र समोर पडलेलं. मी पिस्तूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं, परत मखमलीवर ठेवलं, आणि म्हटलं, "साहेब, याला मोल नाही."

कारकुनानं ते विलायतीत कसं सांगतलं देव जाणे. साहेब हसला. पेटी बंद केली. माझे सहा लिहून दिलेले होते, ते परत दिले. सातवंही दिलं, ठाण्याच्या वहीत 'खेळणं' म्हणून लिहून.

पण आजी, आता नवीनच उपटलं आहे. साहेब म्हणतो, विलायतेत पिस्तुलाची जोडी असली तर तिला चौपट मान. त्याला माझं पाहिजे, त्याच्या पेटीत जोडी लावायला. आणि तो तेरसला अमरावतीला लग्नाला येऊन राहिला, कान कसा पिळतात ते पाहायला. तिथंच उत्तर मागेल. नाही म्हणायची मला हिंमत नाही, आणि आजाच्या हातची वस्तू द्यायचं मन नाही. काय सांगू?

खुशाल


अमरावती, माघ शुद्ध सप्तमी

चिरंजीव खुशालरावास आशीर्वाद.

सायब लग्नाले येऊन राहिला हे वाचून रुख्मिणी घाबरली अन् मैनाबाईनं नवीन लुगडं आणलं. मी जमादाराची वाट पाहून राहिली. त्याले पयल्या पंगतीत बसवते, अन् बांबू पोकळ होते का नव्हते ते साऱ्यांसमोर इचारते.

हा कागद पोचला का तू निघ. मांडवाले माणूस कमी आहे.

सायबाले काय सांगायचं ते मी सांगते, तू मधात बोलू नको. नवरदेवाच्या पिस्तुलाची जोडी नसते. एका लग्नाले एक लागते. त्याले दुसरं पाहिजेच असल, तं पयले घरी जाऊन मडमेले इचारून ये म्हणा.

तानुबाई